एक सप्टेंबरची वस्ती

बॉस्टनमधली भाड्याची बहुतेक घरं 31 ऑगस्टला रिकामी होतात आणि 1 सप्टेंबरला पुन्हा भरतात. करार वर्षाचा, तारीख सगळ्यांची एकच. शहरात कॉलेजं एवढी आहेत की घरमालकांनी शैक्षणिक वर्षच आपलं वर्ष मानलं, आणि मग नोकरदार, संसारी, म्हातारे सगळेच त्या तारखेत अडकले. ही तारीख सगळ्यात उघडी दिसते ती ऑल्स्टनमध्ये. 2023 साली मी वर्षभराच्या संशोधनाच्या कामासाठी बॉस्टनला गेले आणि राहिले ऑल्स्टनला. बॉस्टन विद्यापीठाची मुलं, हार्वर्डचे संशोधक, बर्कली संगीत कॉलेजात शिकणारे, हॉस्पिटलांतल्या नर्सेस, हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत राबणारे ब्राझीलचे आणि मध्य अमेरिकेतले लोक, असा हा भाडेकरूंचा मुलूख. स्वतःच्या मालकीच्या घरात राहणारं माणूस इथे शोधावं लागतं.

खोली मी पुण्यात बसूनच घेतली होती. एजंटाने मोबाईलवर एका तीन मजली लाकडी घराचा वरचा मजला भराभरा फिरून दाखवला. भाडं महिना अकराशे डॉलर. पण किल्ली हातात यायची तर पहिल्या महिन्याचं भाडं, शेवटच्या महिन्याचं आगाऊ भाडं, तेवढंच डिपॉझिट आणि एजंटाची एक महिन्याची फी, सगळं एकदम भरायचं. चव्वेचाळीसशे डॉलर, म्हणजे साडेतीन लाख रुपयांच्या वर. एजंट नेमलेला घरमालकाने, पैसे भाडेकरूचे. हा अन्याय मॅसॅच्युसेट्समध्ये वर्षानुवर्षं रीत म्हणून चालला. 1 ऑगस्ट 2025पासून कायदा बदलला आणि ज्याने एजंट नेमला त्यानेच फी द्यायची असं ठरलं. माझ्या वेळच्या आणि माझ्या आधीच्या हजारो मुलांना मात्र तो भुर्दंड पडला. गावाकडे शैक्षणिक कर्ज काढून आलेल्या मुलाच्या हिशेबात हा आकडा कुठेच धरलेला नसतो.

एक सप्टेंबरच्या सकाळी मी दोन बॅगा घेऊन लिंडन स्ट्रीटच्या तोंडाशी उतरले. टॅक्सीला पुढे जायला वाट नव्हती. भाड्याचे ट्रक दुहेरी ओळीत उभे होते आणि दोन्ही फुटपाथांवर अख्खे संसार मांडलेले होते. गाद्या, पुस्तकांची कपाटं, मायक्रोवेव्ह, सायकली, फ्राइंग पॅन, कुंड्यांतली जिवंत झाडं. एका व्हॅक्यूम क्लीनरवर चिठ्ठी होती, ‘चालू आहे, घेऊन जा.’ जाणाऱ्यांनी टाकलेलं सामान येणारे उचलत होते, आणि दोघांना एकमेकांशी बोलायला वेळ नव्हता. याला इथे ‘ऑल्स्टन ख्रिसमस’ म्हणतात. महापालिकेचे निरीक्षक फिरत होते आणि संशयास्पद गाद्या-सोफ्यांवर ढेकणांचा इशारा देणारे स्टिकर लावत होते. त्यांच्या मागे कचऱ्याचा ट्रक, आणि त्या ट्रकच्या पुढे राहण्यासाठी चाललेली लोकांची धावपळ. नदीकाठच्या स्टोरो ड्राइव्हवरचे पूल बुटके आहेत, तिथे ट्रकना बंदी आहे, तसे फलकही जागोजागी आहेत. तरी दर वर्षी या सुमाराला शहरात नवखा असलेला कुणीतरी ट्रक तिकडे घालतो आणि पुलाखाली ट्रकचं टप सोलून निघतं.

सगळ्यात जास्त हाल होतात ते आदल्या रात्री. जुना करार 31 तारखेला संपलेला, नवा 1 तारखेला सुरू होणार, मधल्या रात्री घरमालक साफसफाई आणि रंग उरकून घेणार. त्या रात्री माणूस असतो कुठे? कुणी मित्राच्या जमिनीवर, कुणी ट्रकमध्ये सामानासोबत. आमच्या घरासमोरच्या पायऱ्यांवर एक मुलगी मांजर पिंजऱ्यात घेऊन बसली होती. तिला दुपारी दोनला किल्ली मिळणार होती, आणि घर रात्रीच सोडावं लागलं होतं.

तळमजल्यावर तीन मराठी मुलं राहत होती. एक लातूरचा, एक नाशिकचा, एक सांगलीचा. लातूरच्याचं तिथे दुसरं वर्ष होतं, त्यामुळे तो त्या घराचा कारभारी. माझ्या बॅगा बघून तो आपणहून पुढे आला. “ताई, वर काय काय आहे तुमच्याकडे? टेबल?” नव्हतं. “चला मग. आत्ताच निघायचं. दुपारनंतर चांगलं काही राहत नाही. आणि एक लक्षात ठेवा, लाकूड उचलायचं, कापड नाही.” गार्डनर स्ट्रीटच्या कोपऱ्यावर आम्हाला एक जुनं, जड, खणांचं टेबल मिळालं. तीन गल्ल्या आम्ही ते धरून चाललो. वाटेत दोन अनोळखी मुलांनी न सांगता हात लावला.

त्याच टेबलावर 19 सप्टेंबरला गणपती बसला. माझं टेबल खाली नेलं, कारण मुलांकडे जागा मोठी होती. मूर्ती सांगलीच्या मुलाने घरून हातातल्या बॅगेत आणली होती, आरास रंगीत कागदाची, आणि मोदक, ज्याला जसे वळता आले तसे. वरच्या मजल्यावर माझ्यासोबत राहणारी व्हरमाँटची मुलगी डबल बास वाजवायची. तिने आरतीचा ठेका दोन कडव्यांत पकडला आणि पुढच्या संध्याकाळी वाद्यच घेऊन खाली आली. दीड दिवसाने बादलीत विसर्जन झालं. माती मागच्या अंगणातल्या झाडाला घातली.

*

बॉस्टनचा नकाशा पाहिला तर ऑल्स्टन-ब्रायटनचा तुकडा पश्चिमेकडे लोंबताना दिसतो. शहराला तो चिंचोळ्या पट्टीने जोडलेला आहे, आणि मध्ये ब्रुकलाइन हे वेगळं, श्रीमंत गाव घुसलेलं आहे. 1873मध्ये ब्रुकलाइनने बॉस्टनमध्ये सामील व्हायला नकार दिला. ब्रायटन तयार झालं आणि 1874मध्ये शहरात आलं. त्या ब्रायटनचा पूर्वेकडचा भाग म्हणजे ऑल्स्टन. ब्रायटन हे त्या काळी गुराढोरांच्या बाजाराचं गाव होतं. 1775मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनच्या सैन्याला मांस पुरवायला हा बाजार सुरू झाला आणि पुढे शंभर वर्षं कत्तलखाने, गोठे, रेल्वेची यार्डं यांवर इथलं पोट चाललं. ऑल्स्टन हे नाव 1868मध्ये वॉशिंग्टन ऑल्स्टन या चित्रकारावरून ठेवलं. तो राहायचा नदीपलीकडे केंब्रिजपोर्टमध्ये, आणि नाव देण्याआधी पंचवीस वर्षं वारला होता. अमेरिकेत चित्रकाराचं नाव लाभलेली ही एकमेव वस्ती, असं इथले लोक छाती फुगवून सांगतात.

कॉमनवेल्थ ॲव्हेन्यूच्या मधोमध ग्रीन लाइनची ट्राम धावते. बॉस्टन विद्यापीठाच्या लांबलचक आवाराच्या कडेने जाते, सिग्नलला थांबते, मोटारींसोबत ताटकळते आणि शहराच्या मध्याकडे गेली की जमिनीखाली शिरते. तिथला ट्रेमाँट स्ट्रीटखालचा बोगदा 1897चा, अमेरिकेतला पहिला. ट्रामपेक्षा मला 66 नंबरची बस जास्त आवडायची. हार्वर्ड स्क्वेअरवरून निघून ती नदी ओलांडते, ऑल्स्टनच्या हार्वर्ड ॲव्हेन्यूवरून ब्रुकलाइनमध्ये शिरते आणि पुढे रॉक्सबरीपर्यंत जाते. प्राध्यापक, सफाई कामगार, डायलिसिसला निघालेल्या आजी, गिटार पाठीला लावलेली मुलं, सगळे त्या बसमध्ये उभे. शहर कुणाच्या कष्टावर चालतं हे त्या एका बसमध्ये कळायचं.

हार्वर्ड ॲव्हेन्यूवर कोरियन भट्ट्यांचा धूर, व्हिएतनामी सूपाचा दालचिनी-बडीशेपेचा वास, ब्राझीलच्या बेकरीत चीज घातलेले छोटे गोल पाव. हे पाव गरम असतानाच खायचे, बसस्टॉपवर उभं राहून. पॅकर्ड्स कॉर्नरला चिनी सुपरमार्केट होतं, तिथे कढीपत्ता नसला तरी कोथिंबीर, हिरवी मिरची आणि तांदळाचं पीठ मिळायचं. या कोपऱ्याला नाव पॅकर्ड मोटारींच्या भव्य शोरूममुळे पडलं असं अनेकांना वाटतं, पण ते त्याआधीचं, पॅकर्ड नावाच्या माणसाच्या इथल्या घोड्यांच्या तबेल्यावरून आलेलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॉमनवेल्थ ॲव्हेन्यूचा हा भाग मोटारविक्रीचा बाजार होता. शोरूमचा मालक आल्वन फुलर पुढे राज्याचा गव्हर्नर झाला, आणि सॅको आणि व्हॅन्झेटी यांना माफी नाकारणारा गव्हर्नर म्हणून इतिहासात राहिला. 1927च्या ऑगस्टमध्ये त्या दोन इटालियन स्थलांतरितांना देहदंड झाला. त्या चौकातून जाताना मला दर वेळी ते आठवायचं. परक्या देशातून आलेल्यांच्या वस्तीत तो चौक आहे, म्हणून जास्तच.

*

आमचं घर म्हणजे इथे ज्याला ट्रिपल-डेकर म्हणतात तसलं. लाकडाचं, तीन मजल्यांचं, प्रत्येक मजल्यावर एक बिऱ्हाड, मागे एकावर एक गॅलऱ्या आणि लाकडी जिना. साधारण शंभर वर्षांपूर्वी न्यू इंग्लंडमधल्या कामगार कुटुंबांसाठी अशी हजारो घरं बांधली गेली. खाली मालक राहायचा, वरचे दोन मजले भाड्याने जायचे, त्या भाड्यात कर्ज फिटायचं. स्थलांतरित माणसाला घरमालक बनवणारी ती युक्ती होती. आता मालक दुसऱ्या गावात राहतो, तिन्ही मजले भाड्याने जातात आणि पूर्वीची बैठकीची खोलीसुद्धा दार लावून झोपायची खोली म्हणून विकली जाते. आमच्या घरातही तेच झालं होतं. त्यामुळे एकत्र बसायचं ते स्वयंपाकघरात, नाहीतर जिन्यावर.

पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या कॉट बेसिसच्या खोल्या मी जवळून पाहिल्या आहेत. स्पर्धा परीक्षेची मुलं जुन्या वाड्यांत एका खोलीत चार-पाच कॉट टाकून वर्षं काढतात. ऑल्स्टनमध्ये त्या मुलांची पदोपदी आठवण यायची. दोन्हीकडे घरमालकाला ठाऊक असतं की मुलगा आज ना उद्या जाणार आहे आणि त्याच्या जागी दुसरा येणार आहे. म्हणून नळ दुरुस्त करायची घाई नसते. दोन्हीकडे मुलगाही म्हणतो, थोड्या दिवसांसाठी कशाला भांडायचं.

तळमजल्यावरची मुलं मात्र भांडायची, आणि नीट भांडायची. ऑक्टोबरच्या मध्यावर थंडी आली आणि आमचे रेडिएटर गारच राहिले. घरमालकाला ईमेल केला, उत्तर आलं की नोव्हेंबरमध्ये सुरू करू. लातूरच्या मुलाने मला एक फाइल उघडून दाखवली. मराठी मुलांनी एकमेकांसाठी लिहून ठेवलेली ती राहण्याची माहिती होती. कुणी सुरू केली ते त्यालाही ठाऊक नव्हतं. दर वर्षीची मुलं तिच्यात भर घालतात आणि पुढच्यांच्या हाती देतात. त्यात स्पष्ट लिहिलं होतं: 15 सप्टेंबर ते 31 मे या काळात घरमालकाने दिवसा घर किमान 68 अंश फॅरनहाइट ठेवलंच पाहिजे, म्हणजे आपले 20 अंश सेल्सिअस. रात्री 64. नाही ठेवलं तर 311 हा महापालिकेचा क्रमांक फिरवायचा, घाबरायचं नाही, व्हिसाचा आणि याचा काही संबंध नाही.

शेवटच्या त्या वाक्याने माझे डोळे भरून आले. कुण्या एका मुलाला ही भीती वाटली असेल, त्याने ती पार केली असेल आणि मागून येणाऱ्यासाठी लिहून ठेवलं असेल. डिपॉझिटबद्दलही तसंच. एका महिन्याच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, ते वेगळ्या व्याजी खात्यात ठेवावं लागतं, घर सोडल्यापासून तीस दिवसांत हिशेब द्यावा लागतो. घरात शिराल त्या दिवशी भिंतींचे, फरशीचे, शेगडीचे फोटो काढा. फोडणी देताना खिडकी उघडा, नाहीतर धुराचा भोंगा वाजतो आणि अग्निशमनची गाडी दारात येते. कुठल्या महिन्यात कुठल्या गल्लीत गाडी लावू नये. कोणत्या पुलाखाली ट्रक अडकतो. असं तळमळीने लिहिलेलं, एकही शब्द वाया न घालवणारं मराठी गद्य मी फार कमी वाचलं आहे.

मुलांनी 311 फिरवला. निरीक्षक आला, त्याने भिंतीशी तापमापक धरला, कागद लिहिला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाइपांमधून टकटक आवाज करत वाफ वर आली.

*

व्हरमाँटच्या मुलीमुळे मला ऑल्स्टनचं दुसरं आयुष्य दिसलं, ते जमिनीखालचं. इथल्या अनेक घरांच्या तळघरांत गाण्याच्या मैफली होतात. पत्ता कुठे छापत नाहीत, ओळखीच्यांकडून विचारून घ्यायचा. दाराशी एक मुलगा डबा घेऊन उभा, त्यात पाच-दहा डॉलर टाकायचे, ते दुसऱ्या गावाहून आलेल्या वादकांच्या पेट्रोलला जातात. तिने मला नेलं तेव्हा मी त्या गर्दीत सगळ्यांत मोठी असेन. बुटकं छत, बाजूला बॉयलर, दोरीवर वाळत घातलेले कपडे कुणीतरी घाईने एका कोपऱ्यात सरकवलेले, आणि भिंतीला पाठ लावून उभी असलेली साठ-सत्तर मुलं. तीन बँड वाजवून गेले. आवाज छातीत घुसत होता. त्या रात्री बास वाजवणारी ही मुलगी मी स्वयंपाकघरात पाहिलेली मुलगी नव्हतीच. डोळे मिटून, ओठ घट्ट धरून ती वाजवत होती आणि तिच्याच वयाची, तिच्याइतकीच अनोळखी मुलं जीव लावून ऐकत होती. दहाच्या ठोक्याला सगळं थांबलं. घरातल्या मुलांनी गर्दीला विनंती केली की फुटपाथवर रेंगाळू नका, शेजारी लहान मूल आहे.

या वस्तीला संगीताची परंपरा आहे, आणि ती भाडेकरूंनीच तयार केली. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला एरोस्मिथ हा बँड कॉमनवेल्थ ॲव्हेन्यूवरच्या 1325 नंबरच्या इमारतीत एकत्र राहायचा. 2012च्या नोव्हेंबरमध्ये ते त्याच इमारतीसमोर रस्त्यावर येऊन वाजवून गेले आणि तिथे पाटी लागली. पॅराडाइज हा क्लब 1977चा. यू-टू हा आयरिश बँड अजून फारसा कुणाला माहीत नव्हता तेव्हा, 1980मध्ये, तिथे वाजवून गेला. ग्रेट स्कॉट हा कोपऱ्यावरचा छोटा बार 1976चा, तो नव्या बँडांना पहिला मंच द्यायचा. कोविडच्या वर्षात, 2020मध्ये, तो बंद पडला. मी गेले तेव्हा लोक त्याच्याबद्दल घरातलं माणूस गेल्यासारखं बोलत. मोठं भाडं भरून कुणी नव्या बँडला मंच देत नाही. स्वस्त खोल्या होत्या म्हणून सरावाची तळघरं होती, तळघरं होती म्हणून हे बार भरत होते. खोली महागली की ही साखळी पहिल्या कडीपासून तुटते, आणि ऑल्स्टनमध्ये ती तुटताना मी पाहत होते.

हिवाळ्याबद्दल एवढंच सांगते. बर्फातून आपली गाडी उकरून काढली की ती जागा आपली, असा बॉस्टनचा अलिखित हक्क आहे, आणि महापालिकाही बर्फाची आणीबाणी उठल्यानंतर 48 तास तो मानते. जागा राखायला लोक तिथे खुर्ची ठेवतात. त्या खुर्च्या बघितल्यावर 1 सप्टेंबरला फुटपाथवरून उचललेल्या खुर्च्या कुठे जातात ते कळलं.

*

आमच्या गल्लीच्या टोकाला एक बाई राहायच्या, ऐंशीच्या घरातल्या. त्यांचं बालपण महामार्गापलीकडच्या, नदीच्या बाजूच्या ऑल्स्टनमध्ये गेलं. 1960च्या दशकात मॅसॅच्युसेट्स टर्नपाइक शहरात आणताना तो ऑल्स्टनच्या मधून काढला आणि वस्तीचे दोन तुकडे झाले. आता पलीकडे जायला फ्रँकलिन स्ट्रीटचा पादचारी पूल चढावा लागतो. त्या बाईंचा राग महामार्गावर नव्हता एवढा बॅरीज कॉर्नरवर होता. त्याच दशकात शहर सुधारण्याच्या नावाखाली तिथली घरं ताब्यात घेऊन पाडायचं ठरलं. लोक रस्त्यावर उतरले, लढले, आणि हरले. पुढे 1997मध्ये उघड झालं की हार्वर्डने एका मध्यस्थ कंपनीमार्फत, स्वतःचं नाव न सांगता, ऑल्स्टनमध्ये 52 एकर जमीन विकत घेऊन ठेवली आहे. खरेदी 1988पासून चालू होती. हार्वर्डचं क्रीडांगण 1903पासून आणि बिझनेस स्कूल 1920च्या दशकापासून नदीच्या याच बाजूला आहे, पण शेजाऱ्याने आपल्या नकळत आपल्या पायाखालची जमीन घ्यावी, हे या लोकांना विसरता आलेलं नाही. आता तिथे विज्ञान आणि अभियांत्रिकीची झगमगती इमारत आहे, 2021ला उघडलेली, आणि प्रयोगशाळा, हॉटेलं, महाग फ्लॅट उठत आहेत.

बाईंनीच मला नॉर्थ हार्वर्ड स्ट्रीटवरच्या होनन-ऑल्स्टन वाचनालयातल्या एका सभेला नेलं. नव्या बांधकामावर रहिवाशांचं म्हणणं ऐकून घ्यायची ती सभा होती. माणसं एकेक करून उठायची आणि बोलण्याआधी सांगायची: मी इथे पन्नास वर्षं आहे. मी तिसऱ्या पिढीतला. मी 1985पासून. दोन-दोन मिनिटं मिळत होती. त्यांचं म्हणणं खरं होतं, ते ऐकून माझंही रक्त तापलं. पण सभागृहात विद्यार्थी दिसत नव्हते. ज्यांच्या भाड्यावर ही वस्ती उभी आहे, ज्यांच्या खोल्या त्या नव्या इमारतींमुळे महागणार आहेत, ते तिथे नव्हतेच. आणि आले असते तर काय सांगितलं असतं? मी इथे आठ महिने आहे? सभेच्या त्या पद्धतीतच त्यांना बोलायला जागा नव्हती. वर्षं ज्याच्याकडे जास्त त्याचा हक्क मोठा, असं तिथे सगळ्यांनी न बोलता मान्य केलेलं होतं.

मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. एक मुलगा जातो तेव्हा त्याच खोलीत दुसरा येतो. खोली कधी रिकामी राहत नाही. दर वर्षी माणसं बदलत असली तरी भाडेकरू तिथे दीडशे वर्षं आहेत. गुरांच्या बाजारातले कामगार भाडेकरू होते, रेल्वे यार्डातले आयरिश भाडेकरू होते. 1994 साली राज्यभरच्या मतदानात भाडेनियंत्रण रद्द झालं, 51 विरुद्ध 49 अशा निसटत्या फरकाने. ज्या तीन ठिकाणी ते लागू होतं त्यांत बॉस्टन होतं. मतदान मात्र साऱ्या राज्याने केलं, लांबच्या गावांतल्या घरमालकांनीसुद्धा. भाडेकरूच्या आयुष्याचा निर्णय त्याच्याशिवाय घ्यायची सवय तेव्हापासूनची आहे.

सभेहून मी नदीवरच्या अँडरसन पुलाने हार्वर्ड स्क्वेअरपर्यंत चालत गेले. मनात धर्मानंद कोसंबी होते. गोव्यातल्या सांखवाळचा हा माणूस 1910मध्ये प्राध्यापक जेम्स वुड्स यांच्या बोलावण्यावरून हार्वर्डला आला, ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी. 1918मध्ये पुन्हा आला तेव्हा मुलगी माणिक आणि मुलगा दामोदर सोबत होते. दामोदर केंब्रिजच्या शाळेत शिकला, पुढे हार्वर्डचा पदवीधर झाला आणि आपल्याला डी. डी. कोसंबी म्हणून मिळाला. ‘विसुद्धिमग्ग’ची ती आवृत्ती छापून आली 1950मध्ये, धर्मानंद गेल्यानंतर तीन वर्षांनी. परक्या गावात येऊन, काम करून परत गेलेल्या त्या माणसाच्या श्रमाचा ग्रंथ विद्यापीठाच्या मालिकेत कायम आहे. किती वर्षं राहिलात हा प्रश्न त्याला कुणी विचारावा?

*

जानेवारीतच घरमालकाचा ईमेल आला. पुढच्या सप्टेंबरला राहणार की नाही ते पंधरा दिवसांत कळवा, भाडं बाराशे. करार सुरू होऊन पाच महिनेही झाले नव्हते. एकच तारीख असण्याचा खरा फायदा कुणाला, हे तेव्हा नीट उमगलं. सगळ्या शहराला एकाच वेळी घर शोधायचं असतं, म्हणून कुणालाच घासाघीस करता येत नाही. मधल्या महिन्यात घर सोडलं तर दुसरं घर नसतं, म्हणून जो तो सही करतो. तारीख पसरवली, काही करार जानेवारीत, काही जूनमध्ये आले, तर ट्रकांची भाडी उतरतील, फुटपाथ स्वच्छ राहतील आणि भाडेकरूच्या हातात थोडी ताकद येईल. ते घडवून आणायचं तर कायद्याने किंवा विद्यापीठांच्या दबावानेच घडेल. घरमालक आपणहून करणार नाहीत.

माझं काम संपलं आणि 2024च्या ऑगस्टच्या शेवटी मी खोली सोडली. टेबल नाशिकच्या मुलाने घेतलं. फाइलमध्ये मी एक पान वाढवलं: वाचनालयातल्या सभा कधी असतात, त्यांची सूचना कुठे लागते, आणि बोलायला नाव कसं नोंदवायचं.

लातूरच्या मुलाला तिकडेच नोकरी लागली आणि तो त्याच घरात राहिला. गेल्या वर्षी त्याचा फोन आला. “ताई, काल गेलो होतो सभेला. आम्ही सहा जण होतो. बाकीच्यांनी त्यांची वर्षं सांगितली. मी म्हटलं, मी या घरातला चौथा भाडेकरू, माझ्या आधीच्या तिघांचंही म्हणणं माझ्याकडे लिहिलेलं आहे, ते वाचून दाखवतो. मग फाइलमधली भाडी वाचली. दर वर्षाचं भाडं, सात वर्षांचं. दोन मिनिटांत संपेना, तर ती म्हातारी उठली आणि म्हणाली, माझी दोन मिनिटं ह्याला द्या.”